शुक्रवारची फेरी

“डब्यात काय आहे, मॅडम?”

“माती,” आत्या म्हणाली.

मँचेस्टरच्या विमानतळावरचा तो कस्टमवाला जेमतेम पंचविशीचा असेल. त्याने डब्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली होती.

खरं तर आम्हाला त्याच्यासमोर उभं राहायचं काही कारण नव्हतं. आमच्या विमानातले सगळे उतारू हिरव्या पाटीखालून सरळ बाहेर चालले होते, कोणी कोणाला विचारत नव्हतं. पण आत्या वाटेतल्या फलकापाशी थांबली, चष्मा पुसला आणि काय काय आणायला बंदी आहे ती सगळी यादी वाचून काढली. त्यात माती होती. मी म्हटलं, “आत्या, चल, कोणी बघत नाही.” ती म्हणाली, “म्हणून काय?” आणि आपणहून लाल पाटीकडे गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“कसली माती?” त्याने विचारलं.

“माझ्या आजोबांच्या कबरेवरची. त्यांच्या आईच्या कबरेवर घालायची आहे. ती इथे आहे.”

“कुठल्या दफनभूमीत?”

“तेच शोधायला आलोय,” आत्या म्हणाली.

पोरगा भला होता. त्याने वरच्या साहेबाला बोलावलं, साहेबाने नियमांचं पुस्तक आणलं, दोघांनी खूप वेळ मान खाली घालून वाचलं आणि शेवटी माती एका पिवळ्या पिशवीत गेली. डबा मात्र त्यांनी धुऊन, पुसून परत दिला. बाहेर येऊन टॅक्सीत बसलो तरी मी चिडलेलाच होतो.

“आता कशाला जायचं पुढे?” मी विचारलं. “माती म्हणून सांगायची काय गरज होती तुला?”

“मी खोटं बोलत नाही, शमू. तुला ठाऊक आहे.”

ते सगळ्या मनमाडला ठाऊक होतं. तबिथाबाई हलोरन म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जनगणनेवाल्याला आपलं वय दोन महिने जास्त सांगितलं गेलं म्हणून त्याच्या मागे स्टेशनपर्यंत चालत गेलेल्या. खोटेपणावरून त्यांनी किती मुलींना वर्गाबाहेर उभं केलं याची गणती नाही. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आणि आम्हा सगळ्या भाचरांवर तिचा दरारा होता.

आमचं आडनाव ऐकून लोक दोनदा विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकतो. माझे पणजोबा मार्टिन हलोरन हे मँचेस्टरचे फिटर. १९०४ साली ते रेल्वेच्या नोकरीवर हिंदुस्थानात आले, मनमाडच्या कारखान्यात लागले आणि मिशनच्या शाळेतल्या सगुणाबाई नावाच्या मास्तरणीच्या प्रेमात पडले. सगुणाबाईंचे वडील पाळक, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरू होते. आमच्याच मंडळीच्या चर्चमध्ये लग्न लागलं आणि पणजोबा पुन्हा कधी विलायतेला गेले नाहीत. त्यांच्या मागे राहिलेल्या आमच्या घराण्यात आता कोणाचेही डोळे घारे नाहीत, आणि आमच्या कचेरीत मला लोक ‘हलोरे साहेब’ म्हणतात.

१९११ साली पणजोबांची आई मँचेस्टरला वारली. ते इथे पत्राने कळलं तेव्हा तीन महिने झाले होते. आमच्याकडे दफनाच्या वेळी प्रत्येक जण कबरेत मूठभर माती टाकतो. माती देणं म्हणतात त्याला. ती दिली नाही तर माणसाचा निरोपच घेतला नाही असं धरतात. चाळीस वर्षं मनमाडात राहिलेल्या पणजोबांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की कोणाच्याही मयतीहून परतले की हात धुताना म्हणायचे, “माझ्या आईला माझ्या हातची माती नाही मिळाली.” १९४६ मध्ये ते गेले. तेव्हा बारा वर्षांची असलेली आत्या बहात्तर वर्षांची झाली, गुडघे पार कुरकुरायला लागले, आणि मग तिने प्रॉव्हिडंट फंडातून ठेवलेले पैसे काढले आणि मला म्हणाली, “शमू, रजा टाक. तुला जमिनी शोधता येतात ना? मग एक कबर शोधून दे.”

मी भूकरमापक. नगर भूमापन खात्यात वीस वर्षं फीत ओढून हद्दी कायम केल्या होत्या. भावाभावांची भांडणं आणि हरवलेले हद्दीचे दगड, यापलीकडे मला कशात रस नव्हता. आत्याबरोबर जायला दुसरं कोणी तयार नव्हतं, म्हणून गेलो. आज या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली आहेत, आत्याही आता नाही. पण त्या सहा दिवसांनी मला जे कुतूहल लावलं ते अजून उतरलेलं नाही.

आमच्याकडे पुरावा काय, तर पणजोबांच्या नोकरीच्या पुस्तकाचं एक पान. वरचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला, खाली आईचं नाव, ओनोरा हलोरन, आणि एक पत्ता. अँकोट्स नावाच्या वस्तीतली गल्ली, आणि त्या गल्लीचं नाव काय असावं, तर बेंगाल स्ट्रीट. मला वाटलं चेष्टाच आहे.

मंगळवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. गल्ली होती. दोन्ही बाजूंना लाल विटांच्या सहा-सहा मजली कापडगिरण्या होत्या, काहींच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, काहींत नव्या सदनिकांचं काम चाललेलं. आमच्या नंबरच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं आणि आत पिवळं यंत्र खड्डा खणत होतं. शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा मी वाचनालयातून उतरवून घेतला होता, त्यावरून पावलं टाकत मी घराची जागा काढली. बारा फुटी तोंडाचं घर, मागे तेवढंच अंगण आणि चार घरांत एक नळ.

“इथे दार होतं,” मी कुंपणाला हात लावून म्हणालो.

आत्याने पत्र्यावर हात ठेवला. “आजोबा सांगायचे ते सात जण एवढ्याशा घरात? मग बरोबर आहे. आजोबा झोपताना पाय पोटाशी घेऊन झोपायचे. मोठी खाट होती तरी.”

मला हे माहीत नव्हतं. वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. मी नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि तिथून माझी चीड ओसरायला लागली.

घर सापडलं, पण कबर काही सापडेना. मंगळवार, बुधवार, गुरुवार आम्ही वाचनालयाच्या जुन्या कागदांच्या खोलीत बसून काढले. अँकोट्सच्या आसपासच्या चार चर्चांच्या वह्या पाहिल्या. इंग्रजांचं जे सरकारी चर्च, त्यातूनच आमची मंडळी पुढे निघालेली, तेव्हा साहेब म्हणजे आपल्याच चर्चचा, हे आम्ही गृहीत धरलं होतं. आमच्याकडे कोणालाही विचारा, हेच सांगेल. मी बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळत होतो, दफनाच्या चाळत होतो, हॅलम सापडत होते, हॅलोवे सापडत होते, हलोरन मात्र एक नाही. आत्या शेजारी बसून असायची. पानं मी उलटायचो. ती नुसती बघायची आणि पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळायची.

“तू काही बोलत नाहीस,” मी बुधवारी म्हटलं.

“बघत्येय ना.”

“दुसरं काही आठवतंय? आजोबा कधी कुठल्या चर्चचं नाव घ्यायचे?”

“चर्चचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही,” ती म्हणाली. आणि ते खरंच होतं, हे मला नंतर कळलं.

गुरुवारी संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, “उद्या शुक्रवार ना? पेंटेकॉस्टनंतरचा?”

मी हसलो. “इथेसुद्धा फेरी काढणार की काय?”

“बहात्तर वर्षांत चुकवली नाही. आता चुकवू?”

शुक्रवारची फेरी ही आमच्या घराण्याची खोड. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणारा पेंटेकॉस्टचा रविवार झाला की पुढच्या शुक्रवारी सगळ्या हलोरनांनी पांढरे कपडे घालायचे, पोरांना नवे कपडे, आणि रेल्वे वसाहतीच्या चौकातून चर्चच्या फाटकापर्यंत गाणी म्हणत चालत जायचं आणि परत यायचं. वाटेतले दुकानदार पोरांच्या हातावर एकेक नाणं ठेवायचे. आमचा न्हावी करीमचाचा आणि किराणावाले बोरा या दोघांनाही हे पाठ होतं. मंडळीतल्या बाकी कुणाच्या घरी असलं काही नाही. पाळकांनी दोनदा विचारून पाहिलं की बाबांनो, शुक्रवारच का? कोणी म्हणायचं कारखान्याला तेव्हा सुटी असायची, कोणी म्हणायचं पणजोबांचा नवस होता. आम्ही फेरी काढत राहिलो. घरातली रीत असली की तिचं कारण कोणी विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी आत्याने नव्या पांढऱ्या साडीची घडी मोडली. मला पांढरा सदरा घालायला लावला. आम्ही उतरलो होतो तिथपासून बेंगाल स्ट्रीटपर्यंत पंधरा मिनिटांची वाट. ती हळू आवाजात मराठी गाणं म्हणत पुढे चालली आणि मी कोणी बघत तर नाही ना, अशा नजरेने मागे. बघत होते. बस थांब्यावरची चार माणसं बघत होती.

कालव्यावरच्या पुलापाशी एक म्हातारा कुत्र्याला घेऊन उभा होता. ऐंशीच्या पुढचा, टोपी आणि कोट, जून महिना असूनही. त्याने आत्याला येताना पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि टोपी काढली. मग खिशात हात घालून एक नाणं काढलं आणि आत्याच्या तळहातावर ठेवलं.

“नवे कपडे आहेत ना?” तो म्हणाला. “व्हिट शुक्रवार आहे आज, पेंटेकॉस्टनंतरचा. माझी आई असती तर ओरडली असती मला, नवे कपडे घातलेल्याला पैसा न देता पाठवलं म्हणून.”

मी जागच्या जागी थांबलो.

“तुमच्याकडे देतात?” मी विचारलं.

“द्यायचे. आता कोण देतंय. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत रस्त्यावर यायची. झेंडे, बँड, लहान मुली फुलांच्या परड्या घेऊन. पण तुम्ही का चालताय?”

“आमच्याकडे आज चालतात,” आत्या म्हणाली.

“कुठे?”

“मनमाडला.”

“ते कुठे आलं?”

“नाशिकजवळ,” आत्याने समजावून सांगितलं.

म्हाताऱ्याचं नाव टॉम ब्रेनन. जन्म दोन गल्ल्या पलीकडचा, नोकरी आयुष्यभर गिरणीत. मी त्याला विचारलं की ही फेरी सगळे शुक्रवारीच काढायचे का.

“छे! सोमवारी प्रोटेस्टंट चालायचे. शुक्रवारी आम्ही, कॅथलिक. सोमवारवाल्या पोरांशी आम्ही आठवडाभर बोलायचो नाही. आणि पाऊस कुणाच्या दिवशी पडतो याकडे सगळ्यांचा डोळा. त्यांच्या दिवशी पडला की आम्ही म्हणायचो, देवाला कळतं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन दिवस मी चुकीच्या वह्या चाळत होतो आणि उत्तर आमच्या अंगावर होतं. पाळकांच्या जावयाने, मंडळीत पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाने, कोणालाही कारण न सांगता चाळीस वर्षं आपल्या लेकरांना कॅथलिकांच्या दिवशी चालायला लावलं होतं. मला मोजणीत हरवलेला दगड सापडल्यासारखा आनंद झाला. “आत्या, अगं पणजोबा कॅथलिक होते,” मी म्हणालो, आणि तिच्याकडे वळलो.

ती पुलाच्या कठड्यावर बसली होती. नाणं मुठीत होतं. तिला अजिबात आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

ब्रेनन आम्हाला त्यांच्या चर्चमध्ये घेऊन गेले. अर्धवट पडलेल्या गल्लीत ते एकच धड उभं होतं. फादर तरुण होते, नायजेरियाहून आलेले. त्यांनी सांगितलं की जुन्या वह्या आता इथे नसतात, पण एका बाईने वीस वर्षांपूर्वी सगळी नावं हाताने उतरवून ठेवली आहेत. ते आणि ब्रेनन आतल्या खोलीत ती शोधायला गेले. मी आणि आत्या शेवटच्या बाकावर बसलो. पुढे एक म्हातारी गुडघ्यांवर बसून माळ ओढत होती, मण्यांचा बारीक आवाज येत होता.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

आत्याने पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. काळ्या लाकडी मण्यांची माळ होती. मणी झिजून गुळगुळीत झालेले, टोकाला छोटा क्रूस.

“माझ्या पणजीची आहे,” ती म्हणाली. “आजोबा बोटीत बसले तेव्हा तिने दिलेली.”

“तुझ्याकडे कशी?”

ती पुढच्या म्हातारीकडे पाहायला लागली. मग बोलली, तेही माझ्याकडे न बघता.

“आजोबा गेले त्या दुपारी त्यांच्याजवळ मी एकटी होते. आजी डॉक्टरांना बोलवायला गेली होती. ते म्हणाले, तबी, माझ्या हत्यारांच्या पेटीत, अगदी खाली, चिंधीत बांधलेलं आहे ते आण. मी पडवीत जाऊन पेटी उपसली. चिंधी सोडली तर ही. मी घाबरले रे. रविवारच्या शाळेत आम्हाला सांगायचे की मणी ओढणाऱ्या कॅथलिकांना देव ओळखत नाही. सांगणारे आजीचेच भाऊ. मला वाटलं, ही हातात घेऊन आजोबा मेले तर त्यांना वरून परत पाठवतील. मी ती फ्रॉकच्या खिशात घातली आणि आत जाऊन सांगितलं, ‘सापडली नाही, आजोबा.’”

मी माळेचे मणी बोटांनी चाचपले.

“ते म्हणाले, नीट बघ बाळा, तिथेच आहे, आईची आहे. मी परत गेले. पेटीतली हत्यारं नुसती वाजवली, त्यांना ऐकू जावं म्हणून. परत आले. ‘नाही सापडली.’ त्यांनी हात असा उघडा ठेवला होता, उताणा. तो तसाच राहिला. आजीने येऊन मिटला.” तिने स्वतःचा तळहात मांडीवर उघडला. त्यात ब्रेननचं नाणं होतं. “त्यानंतर मी खोटं बोलले नाही, शमू. एकदा बोलले तेवढं पुरलं.”

“मग इथे तीन दिवस...”

“तू विचारलंस ते सगळं खरं सांगितलं. हे तू विचारलं नाहीस.” मग तिला स्वतःचंच ते बोलणं आवडलं नाही. “मला सांगता येत नव्हतं. शाळेत एवढ्या पोरींना उभं केलं मी. वाटलं, कबर सापडली की गुपचूप पणजीला तिची माळ परत करीन. कोणाला कळायचं कारण नाही.”

माझा राग कुठल्या कुठे गेला होता. बारा वर्षांची पोर डोळ्यांसमोर आली, आजोबा स्वर्गातून परत येऊ नयेत म्हणून पेटी वाजवणारी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

फादर बाहेर आले ते कागद हातात घेऊनच. मार्टिन, पॅट्रिक आणि ओनोरा हलोरन यांचा मुलगा, बाप्तिस्मा १८८१. आणि दुसऱ्या यादीत ओनोरा, विधवा, दफन फेब्रुवारी १९११, कॅथलिकांच्या दफनभूमीत. पुढे एक अक्षर आणि एक आकडा.

शनिवारी सकाळी ब्रेनन आम्हाला बसने तिथे घेऊन गेले. कचेरीतल्या बाईने नकाशाची प्रत दिली आणि आधीच सांगितलं, “सार्वजनिक कबर आहे. दगड नाही. जागा विकत घ्यायची ऐपत नसलेल्यांना एका खड्ड्यात एकावर एक ठेवायचे. या आकड्यात बारा जण आहेत.”

“अनोळखी?” आत्याने विचारलं.

“हो, बहुतेक.”

“म्हणजे एकटी नाही,” आत्या म्हणाली.

दफनभूमीचा तो भाग म्हणजे नुसतं गवत होतं. हिरवं, सपाट, दोन एकर. नकाशा वाचता न येणारा माणूस तिथून हात हलवत परत आला असता. मी बॅगेतून माझी तीस मीटरची फीत काढली. आत्याने मनमाडला ती मला मुद्दाम घ्यायला लावली होती आणि मी कुरकुर केली होती. कडेला एका श्रीमंताचा दगड शाबूत होता, त्यावर आकडा होता. ती माझी कायम खूण. ब्रेननने फितीचं टोक त्या दगडाला धरलं, कुत्रं फितीबरोबर पळालं, आणि मी रांगेला रांग मोजत गेलो. मग दुसऱ्या बाजूच्या दगडावरून पुन्हा मोजलं. दोन्ही मोजण्यांत चार बोटांचा फरक आला. आमच्या खात्यात एवढा चालतो.

“इथे,” मी म्हणालो, आणि बुटाच्या टाचेने खूण केली.

आत्या गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसली. नाश्त्याच्या टेबलावरून आणलेल्या चमच्याने तिने गवत बाजूला केलं. हा चमचा संध्याकाळी परत केला, हे सांगायला हवं. मूठभर माती उचलली आणि त्याच जागी सोडली. “मार्टिनकडून,” ती म्हणाली. ब्रेननने टोपी काढून त्यांची प्रार्थना म्हटली. आत्याने मोठ्याने आमेन म्हटलं.

मग तिने तो खळगा आणखी खोल केला आणि रुमाल सोडला. “पणजी, तुझ्या लेकाने मागितली होती,” ती मराठीतच म्हणाली. “मी दिली नाही. तुझी तू घे.”

तिचा हात खळग्यावर गेला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “आत्या, मागितली कोणी होती?”

तिने वर पाहिलं.

“पणजीने तर ती देऊन टाकली होती,” मी म्हणालो. “मागितली त्यांनी. ते मनमाडला आहेत.”

“तिथे?” तिचा आवाज लहान झाला. “सगळ्यांदेखत? पाळक येतील, माझ्या शाळेच्या पोरी येतील. काय सांगू त्यांना?”

मी फीत गुंडाळत बसलो. कुत्रं तिच्याजवळ जाऊन खळगा हुंगायला लागलं, तिने त्याला हाताने मागे सारलं. मग ती म्हणाली, “तो डबा दे इकडे.” धुतलेला डबा तिने पणजीच्या कबरेच्या मातीने भरला, माळ रुमालासकट त्यावर ठेवली आणि झाकण लावलं. मी खिशातून कागद काढून दोन्ही दगडांपासूनची अंतरं लिहून घेतली. तो कागद आता आमच्या घरच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये आहे, पुढच्यांना शोधत बसायला नको.

मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या साहेबाला डबा दिसला. मी डोळे मिटून घेतले.

“काय आहे यात, बाई?”

“माती,” आत्या म्हणाली. “माझ्या पणजीच्या कबरेची. विलायतेहून आणली. चालत नसेल तर सांगा.”

साहेब साताऱ्याकडचे असावेत. त्यांनी डबा उचलून पाहिला, हलवला नाही, आणि दोन्ही हातांनी परत दिला. “न्या,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर आत्याने सगळ्यांना कबरस्तानात बोलावलं. आम्ही सतराजण हलोरन, पाळक, आणि तिच्या शाळेच्या आठ-दहा जुन्या विद्यार्थिनी, ज्यांचे केसही आता पांढरे झालेले. तिने पणजोबांच्या कबरेशी उभं राहून सगळं सांगितलं. पेटी वाजवली तेही सांगितलं. पाळकांनी पुढे येऊन तिच्या हातातली काठी धरली, जेणेकरून तिला खाली बसता यावं.

मी वीतभर खणून दिलं होतं. तिने पणजोबांच्या आईची माती त्यात ओतली. मग माळ काढली, मणी एकत्र केले, आणि जिथे हात असेल असं तिला वाटत होतं तिथे ती अलगद ठेवली.

“सापडली, आजोबा,” ती म्हणाली.